टॉवरवाला माईकमध्ये बोलून मोकळा? अहो कुठलं काय!

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. म्हणे विमान पडलं की खापर पायलटच्याच डोक्यावर, टॉवरमधला कंट्रोलर (विमानांना रेडिओवरून सूचना देणारा) माईकमध्ये बोलून मोकळा, त्याला ना कोर्ट ना लायसन्स ना मेडिकल, आणि वर त्याचा हुकूम पायलटला झक मारत पाळावाच लागतो.

आधी कोर्टाचं बघू. 1976 ला तेव्हाच्या युगोस्लाव्हियात झाग्रेबजवळ दोन विमानं हवेत धडकली, 176 माणसं गेली. आठ कंट्रोलर्सवर खटला चालला आणि शिक्षा झाली त्यातल्या एकट्या तासिच नावाच्या कंट्रोलरला, सात वर्षं! त्या वेळी हा माणूस एकटाच दोघांचं काम रेटत होता. इतर कंट्रोलर्सनी सह्या गोळा केल्या म्हणून लवकर सुटला बिचारा. बरं, माणसं मेली तरच केस होते असंही नाही. जपानमध्ये 2001 साली कंट्रोलरने फ्लाइट नंबरची अदलाबदल केली, दोन विमानं अगदी जवळून गेली, बरेच जण जखमी झाले पण मेलं कोणीच नाही, तरी शिकाऊ कंट्रोलर आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी सिनियर दोघंही दोषी ठरले आणि 2010 ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. तुरुंगवास स्थगित होता, पण गुन्हेगार ठरलेच ना. आणि हो, अपघाताचा चौकशी अहवाल म्हणजे निकाल नव्हे, आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलंय की ती चौकशी पुढचे अपघात टाळायला असते, दोष कोणाचा ते ठरवायला नाही. लोक अहवालातली एक ओळ उचलतात आणि पायलट दोषी म्हणून मोकळे होतात.

आता "लायसन्स नाही, मेडिकल नाही". काही देशांत कंट्रोलर सरकारी नोकर असतो म्हणून वेगळं लायसन्स देत नाहीत हे खरंय, पण अटी त्याच पाळाव्या लागतात: वय किमान 21, परीक्षा, देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं काम करायची मान्यता, वापरात नसेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत बाद होतं, म्हणजे लांब सुट्टीवरून आलात आणि बसलात रडारच्या पडद्यासमोर असं चालत नाही. मेडिकल पायलटला क्लास वन, कंट्रोलरला क्लास थ्री, आता थ्री म्हणजे थर्ड क्लास असं समजू नका, फक्त कामाप्रमाणे निकष वेगळे आहेत. कंट्रोलरचं चाळिशीपर्यंत चार वर्षांनी, मग दोन, पन्नाशीनंतर दरवर्षी करावं अशी शिफारस. एअरलाइन पायलटचं दरवर्षी, साठीनंतर सहा महिन्यांनी. आंतरराष्ट्रीय कामासाठी इंग्रजी दोघांनाही किमान लेव्हल फोर, म्हणजे कामापुरतं नीट बोलता-समजता यायला हवं. आणि चष्मा असला तरी दोघांनाही चालतो, फक्त जास्तीचा एक जवळ ठेवायचा.

हुकूम पाळावाच लागतो? नाही. शेवटचा निर्णय कॅप्टनचा. जमत नसेल तर तो सरळ "अनेबल" (जमणार नाही) म्हणतो आणि इमर्जन्सीत क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरने ठरवून दिलेला मार्ग किंवा उंची, मोडूही शकतो, मात्र नंतर उत्तर द्यावं लागतं. टीकॅसने (विमानातली धडक टाळणारी यंत्रणा) वर जा सांगितलं आणि कंट्रोलरने खाली, तर टीकॅसचंच ऐकायचं. 2002 ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर नेमकं उलटं झालं, तुपोलेव या रशियन विमानाच्या क्रूने कंट्रोलरचं ऐकलं, समोरचं विमान त्याच्या टीकॅसप्रमाणे खालीच येत होतं, दोन्ही धडकली आणि 71 जण गेले. तेव्हा कंट्रोलर एकटा होता, जोडीदार विश्रांतीला गेलेला, मेंटेनन्समुळे मुख्य फोन बंद आणि कंट्रोलरला धडकेची सूचना देणारी जमिनीवरची सिस्टिमही अर्धवट. 2004 ला मृतांपैकी एका कुटुंबातल्या माणसाने त्या कंट्रोलरचा खून केला. स्विस कोर्टाने 2007 ला शिक्षा दिली ती कंट्रोलर जिथे नोकरीला होता त्या कंपनीच्या चार मॅनेजरांना, जे त्या रात्री ना कॉकपिटमध्ये होते ना माईकसमोर.