गिअरला हात लावाल तर खबरदार

गाडी मी चालवतोय. स्टिअरिंग माझ्या हातात, क्लच माझ्या पायाखाली, हप्तेसुद्धा माझेच. तरी कुंभार्ली घाट उतरताना शेजारच्या मेव्हण्याने हात घालून गिअर न्यूट्रलला ढकलावा? ऐन वळणावर? वर म्हणतो कसा, "दाजी, उतारच आहे की. कशाला गाडीला कोकलायला लावताय? पेट्रोल वाचवा जरा."

अरे शहाण्या, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, वर न्यावे लागतात, म्हणून ती कोकलते! क्लच दाबलेला असतानाच रेसला एक टिचकी, मग क्लच सोडला की हिसका नाही. आणि टिचकी आज नेमकी बसली होती हो. मागे पेंगणाऱ्या सासूबाईंची मान तसूभर हलली नाही. तेवढ्यात याचा हात! गाडी मोकाट, समोर चिऱ्यांचा ट्रक, आणि हा खिडकीतून माकडं बघतोय.

पेट्रोल म्हणे! इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो अशा गाडीत गिअरमध्ये राहून रेसवरचा पाय काढला की उतारावर इंजिनाचं पेट्रोल तुटतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. जुन्या गाड्यांत पेट्रोल-हवा मिसळणारे कार्ब्युरेटर गेले, त्यांच्या काळातले सल्ले काही जात नाहीत.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने तरी काय शिकवलं? 'हाफ क्लच, हाफ क्लच' आणि आरटीओपुरता आठाचा आकडा. गिअर खाली कसा आणायचा, चकार शब्द नाही. आणि वळणावर गाडी लावून भाजलेली कणसं खाणारे, त्यांना तर मी...

असो. हील-टोचं तर बोलूच नका. उजव्या पायाने ब्रेक, आणि गिअर खाली आणताना ती टिचकी त्याच पायाच्या कडेने रेसला. आमच्या हॅचबॅकचा ब्रेक रेसच्या कितीतरी वर. करकचून दाबला तरच दोन्ही एका पातळीला येतात. म्हणजे ही विद्या शर्यतवाल्यांची, आणि मी एसटीच्या मागे तीसच्या स्पीडने, पातळ सोलचे जुने कॅनव्हास बूट घालून. पार्किंगमध्ये गाडी बंद ठेवून सराव करत होतो, तर वॉचमन काच वाजवून विचारतो, "साहेब, पायात गोळा आला का?"

आता चिपळुणात जेवणं उरकलीत. परतीला घाट मी चढवतो, असं मेव्हण्याने जाहीर केलंय. बायको म्हणते, "दे की त्याला, तेवढाच तुला आराम." चावी मी खिशातून काढून पाकिटात घातलीय आणि पाकीट मांडीखाली.