दोन ओळींचा बदल

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याचा सारा हिशेब एका काळ्या यंत्राच्या पोटात आहे. आयबीएमने १९८८ साली एएस/४०० म्हणून बाजारात आणलेल्या या संगणक-घराण्याचे पुढे आयसिरीज, सिस्टिम आय आणि आयबीएम आय असे नामकरण होत गेले. पण सासरी नाव काहीही ठेवले तरी माहेरी ती बेबीच असते, तसे आम्ही त्याला अजून ‘फोर हंड्रेड’च म्हणतो.

त्याच्या दाराशी सीएल या त्याच्या हुकूम सोडण्याच्या भाषेतला एक छोटा प्रोग्राम पहाऱ्याला बसतो. कोणी साइन ऑन केले की तो घड्याळ पाहतो आणि पाळी नसलेल्याला बाहेर काढतो. दहा अक्षरांहून मोठे नाव यंत्राला चालत नसल्याने पूर्वसुरींनी त्याच्या नावातले सगळे स्वर गाळले असून ते उच्चारताना शिंक आल्याचा भास होतो. रात्रपाळी सुरू होणार असे ठरले, तेव्हा साहेब म्हणाले, “दोन तर ओळी बदलायच्या आहेत, चहा येईपर्यंत होऊन जाईल.”

कुलूप बदलताना घरातले एक माणूस आत असलेले बरे, म्हणून मी शेजारच्या टर्मिनलवर सर्वाधिकारी वापरकर्ता आधीच साइन ऑन करून ठेवला आणि त्या खुर्चीकडे शिपायालाही फिरकू दिले नाही. मग जुन्या सोर्सची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुराची, प्रत काढली, चाचणीसाठी वेगळी लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम ठेवायचा कप्पा, केली आणि तिच्यातला प्रोग्राम वाट्याला येईल असा एक खोटा कामगार जन्माला घातला.

वेळ तेवीसच्या पुढची ‘आणि’ सातच्या आतली असेल तर आत सोडावे, असे मी लिहिले. मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. परंतु रात्रीचे साडेअकरा सातच्या आत नसतात आणि पहाटेचे चार तेवीसच्या पुढे नसतात, त्यामुळे दोन्ही अटी पाळणारा क्षण ब्रह्मदेवानेही घडवलेला नाही. रात्री पावणेबाराला खोट्या कामगाराची हकालपट्टी झाली, तेव्हा ‘आणि’च्या जागी मुकाट्याने ‘किंवा’ आला.

दुसऱ्या दिवशी खऱ्या लायब्ररीची वेळ आली. हा प्रोग्राम आपल्या मालकाचा अधिकार उसना घेऊन चालतो. जुना पुसून नवा केला असता, तर तो माझ्या नावावर होऊन ती उसनवारी बुडाली असती. म्हणून जागच्या जागी बदलण्याचा पर्याय घेतला. त्यात मालकी शाबूत राहते, जुना प्रोग्राम एका अडगळीच्या लायब्ररीत जातो आणि आधीच आत असलेल्यांचे काम त्याच्याच आशीर्वादावर चालू राहते. नवा पहारेकरी खरा कसा आहे, ते रात्री अकरालाच कळणार होते.

गोदावरीचा पूर आमच्याकडे पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, त्या मापाने प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवताना, म्हणजे कंपाइल करताना, पाणी माझ्या कमरेला होते आणि अकराच्या ठोक्याला गळ्याशी आले. रात्रपाळीचे सुपरवायझर मामा आले, पासवर्ड घातला, मेनू उघडला. मी श्वास सोडला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

“पण सर, ओव्हरटाइम लागला आणि सातनंतर पुन्हा साइन ऑन करायची पाळी आली, तर?”

शेजारचे टर्मिनल बंद करायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.