गुणाकाराने गरिबी हटाव

केर-फरशी आणि भांड्यांना येणाऱ्या मावशींनी पगारवाढ मागितली की घाबरून जाऊ नका. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर उघडा आणि महिन्याचा विषय ताबडतोब तासावर आणा. 'महिन्याला सव्वातीन हजार' हे ऐकताना आपल्यालाच कसंसं होतं. तेच रोजच्या सव्वा तासाने भागून 'तासाला शंभर' म्हणा, लगेच आपण दानशूर. पुढची पायरी सोपी आहे. शंभर गुणिले आठ तास गुणिले सव्वीस दिवस. वीस हजार आठशे! हा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाका. 'नव्या इंजिनिअरला तरी कुठे एवढे मिळतात' हे वाक्य तुम्हाला लिहावं लागणार नाही. दोन मिनिटांत कुणीतरी लिहितंच.

एक पथ्य मात्र पाळा. मावशींच्या मागे घड्याळ घेऊन फिरू नका. मी ही चूक केली.

आमच्या पुण्यातल्या मावशी सकाळी सातला वारज्यातून निघतात आणि कोथरूडमध्ये चार घरं करतात. पहिल्या घराची बेल साडेसातला वाजते, दार आठला उघडतं. दुसऱ्या घरी पोहोचावं तर घासायची भांडी अजून गॅसवर. तिसऱ्या घरी आजींची पूजा चालू, मध्ये केरसुणी फिरलेली चालत नाही, म्हणून मावशी जिन्यात बसतात. चौथ्या घरी सगळ्यांची जेवणं उरकल्याशिवाय सिंक भरत नाही. घरी परतायला अडीच वाजतात. चार घरांचे सव्वा-सव्वा तास, म्हणजे भरले पाच. घराबाहेर गेले साडेसात. मधले अडीच तास चालण्यात, लिफ्टची वाट बघण्यात आणि जिन्यात. जिन्यात बसायचे कुणी पैसे देतं का? द्यायला लागलो तर जिन्यात गर्दी होईल.

त्यामुळे हातात पडतात तेरा हजार, आणि घराबाहेरच्या सगळ्या तासांनी भागलं तर तासाला सहासष्ट रुपये. हा भागाकार कुणाला दाखवू नका. 'मग आणखी तीन घरं धरावीत की' असं म्हणा. सगळ्यांना मावशी सकाळी आठलाच हव्या असतात आणि दिवसात सकाळचे आठ एकदाच वाजतात, हा दोष घड्याळाचा आहे.

आता खर्च. मावशींनी मला तो रुपयांत नाही, घरांत सांगितला. खोलीचं भाडं साडेसहा हजार, म्हणजे दोन घरांची भांडी थेट खोलीमालकाच्या खिशात. तिसरं घर किराणा आणि सिलिंडर खातं. चौथ्यात मुलीचं कॉलेज, यजमानांच्या गोळ्या, लाइटबिल आणि भिशी. पाचवं घर नाही, त्यामुळे आजारी पडायची सोय नाही. एप्रिल 2025 मध्ये सिलिंडर 50 रुपयांनी वाढला, जूनमध्ये पीएमपी बसचं किमान तिकीट 5 वरून 10 झालं. पण मावशी चालतच येतात, तेव्हा भाडेवाढीचा मुद्दा आपोआप निकालात निघतो.

एवढं ऐकून मन द्रवलंच, तर सरकारी कागद वाचा. फार आधार मिळतो. किमान वेतनासाठी कामगाराच्या कुटुंबाला किती लागतं हे 1957 च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं आहे. कुटुंबाची खाती तोंडं तीन. पुरुष 1, बाई 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6. मिळवता एक आणि बायकोची कमाई हिशोबात धरायची नाही. मावशींचे यजमान पाठीच्या दुखण्याने चार वर्षं घरी आहेत. म्हणजे मिळवणारी 0.8 आणि झोपलेला 1. सासूबाईंना आकडाच नाही, त्या हवेवर जगतात. कापड मात्र उदार मनाने दिलंय, वर्षाला कुटुंबाला 72 वार. माणशी 18 वार, म्हणजे बरोबर दोन नऊवारी. एक अंगावर, एक दांडीवर.

सर्वोच्च न्यायालयाला 1991 साली आठवलं की मुलं शिकतात, माणसं आजारी पडतात, सणवारही येतात. म्हणून त्यात 25 टक्के वाढवायला सांगितले. मग 2019 मध्ये केंद्राच्याच तज्ज्ञ समितीने रोजाला किमान 375 रुपये सुचवले. त्याच वर्षी सरकारने देशभरातल्या किमान रोजाचा तळ 176 वरून उचलून 178 वर ठेवला. आठ तासांनी भागा. तासाला सव्वाबावीस. त्यापुढे तुमचे शंभर म्हणजे केवढे! वाढ मागणाऱ्याला कायम खालचा आकडा दाखवावा, वरचा बघायला त्याची मान दुखते.

मे महिन्यात तुम्ही पंधरा दिवस कोकणात जाल तेव्हा अर्धा पगार कापायला विसरू नका. घर बंद होतं, काम कुठे झालं? याला खाडा म्हणतात. खाडा तुमचा, कापला जातो मावशींचा, एवढाच काय तो फरक. खुणा कॅलेंडरवर लाल पेनाने करा, नंतर वाद नको.

एवढी तयारी करून मी मागच्या महिन्यात मावशींना समोर बसवलं. म्हणजे त्या उभ्याच होत्या, मी बसलो होतो. कागदावर शंभर, आठ, सव्वीस असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वीस हजार आठशेखाली दोन रेघा मारल्या. मावशींनी पदराला हात पुसले, कागद उलटासुलटा बघितला.

"दादा, मला तेरा मिळतात. हे वरचे सात हजार आठशे कुठल्या घरात आहेत तेवढं सांगा. उद्यापासून जाते."

अशा वेळी विषय बदलावा. मी कुकरची शिट्टी बदलायची आठवण काढली. या सगळ्यात त्यांना पुढच्या घरी जायला दहा मिनिटं उशीर झाला. ती दहा मिनिटं अर्थात तासात धरली नाहीत, बोलण्यातच गेली होती.