ओटीपी सांगितला तर पोलीस लहान मुलांना नेतात का?

आज चिरंजीवांचा कॉम्प्युटरचा पेपर सहीसाठी घरी आला. इयत्ता तिसरी, वीसपैकी वीस. आजीनं लगेच हातावर साखर ठेवली. मी मात्र सही करता करता तो पेपर वाचत बसले आणि तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, घाईत असाल तर लाईक करून पुढे जा.

प्रश्न ऐका. माउसचं चित्र काढून भागांना नावे द्या. सीपीयूला कॉम्प्युटरचे काय म्हणतात? (मेंदू.) मॉनिटर कशासारखा दिसतो? (टीव्ही.) 'कॉम्प्युटर'चा फुल फॉर्म लिहा. पठ्ठ्यानं तो लांबलचक फुल फॉर्म एकही चूक न करता लिहिलाय आणि त्यावर लाल पेनाची बरोबरची खूण आहे. अहो, असा कुठला फुल फॉर्मच नाही! कुणीतरी कधीतरी गाईडात छापला आणि पोरं वर्षानुवर्षं घोकतायत. आम्हीही घोकला होता.

आणि शेवटी एक रिकामी जागा. "आपण आपला ______ कोणालाही सांगू नये." उत्तर, पासवर्ड. एक मार्क. झालं. वर्षभराची ऑनलाइन सुरक्षा एका मार्कात उरकली.

त्याच संध्याकाळी हा वीसपैकी वीसवाला खाली पार्किंगमध्ये मित्राला ओरडून सांगत होता, "पप्पांच्या फोनचा पिन दोन-पाच-आठ-शून्य आहे, मला कधीचा माहितीये!" वॉचमनकाकांनी ऐकला, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ऐकला. (पिन बदललाय. प्रयत्न करू नका.)

आता हसू येतंय, पण तेव्हा मला आबाच, म्हणजे माझे वडीलच आठवले. आमच्या घरचं ते प्रकरण जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. गेल्या मे महिन्यात माझी भाची आजोळी, म्हणजे आमच्या गावी आली होती. तीही तिसरीतली. दुपारी सगळे आडवे झाले की ही आबांचा फोन घेऊन सोप्यात गेम खेळत बसायची. गेममधल्या चॅटवर तिला एक 'ताई' भेटली. ताई रोज बोलायची, हिचा गेम किती भारी आहे म्हणायची, कुठल्या शाळेत जातेस विचारायची. एक दिवस ताई म्हणाली, तुला गेममधले डायमंड देते, फोनचा नंबर सांग, एक सहा आकडी कोड येईल तोही सांग. हिनं सांगितला. पाच मिनिटांत आबांचं व्हॉट्सॲप इथं बंद आणि कुणाच्या तरी दुसऱ्याच फोनवर चालू. मग भजनी मंडळाच्या ग्रुपपासून पुण्याच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांना आबांच्या नावानं मेसेज गेला, दवाखान्यात आहे, तातडीनं दहा हजार पाठवा. माझ्या चुलत भावानं एका शब्दानं न विचारता पाठवले. आबांनी मागितल्यावर विचारतो कोण?

घरात त्या दिवशी काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. सगळे आबांवर तुटून पडले. या वयात नको तिथं बोट कशाला लावायचं, कितीदा सांगितलं लिंक उघडू नका, वगैरे. आबांनाही शेवटी तेच खरं वाटायला लागलं. "मीच काहीतरी दाबलं असणार," असं पुटपुटत ते ओसरीवर जाऊन बसले. आणि ही पोर त्याच खोलीत झोपाळ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. तोंडातून अक्षर नाही. रात्री ताप चढला. उन्हातान्हात हिंडते म्हणून, असं आम्ही म्हणालो.

दोन-तीन दिवसांनी आजीच्या फोनवरून तिचा मला फोन आला. कुजबुजत म्हणाली, "मावशी, ओटीपी सांगितला तर पोलीस लहान मुलांना नेतात का?"

आज तो पेपर बघताना मला हेच ऐकू येत होतं. कारण त्या पोरीला ती रिकामी जागा भरता येत होती हो! ओटीपी कुणाला सांगायचा नाही, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, सगळं तोंडपाठ. मी विचारलं तर म्हणाली, "पण ती अनोळखी नव्हती मावशी, ती ताई होती." आठ वर्षांच्या मुलीच्या हिशेबात रोज गोड बोलणारी ताई अनोळखी कशी? अनोळखी म्हणजे काळा गॉगल घातलेला, गोळ्या देणारा माणूस. आपणच तिला तसं चित्र दाखवलंय. हा फरक कुठल्या पुस्तकात शिकवलाय? कुठल्या बाईंनी वर्गात एक मुलगा ताई करून, एक मुलगी गेम खेळणारी करून हे नाटक करून दाखवलंय? पोहायला शिकवताना विहिरीचं चित्र काढून भागांना नावं द्या असं कुणी म्हणत नाही, कंबरेला डबा बांधतात आणि काका आधी पाण्यात उतरतो.

आणि आता शाळेचा नवा मेसेज. येत्या वर्षापासून पहिलीपासून कोडिंग आणि एआय, फी वेगळी. खाली रोबोटचं चित्र. २०२०च्या शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून म्हटलं होतं. आता केंद्र सरकारनं २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि कम्प्युटेशनल थिंकिंग (म्हणजे पायरी-पायरीनं विचार करून प्रश्न सोडवणं) आणायचं जाहीर केलंय. आणा की. मला कोडिंगचं वावडं नाही, नीट शिकवलं तर पोरांना त्यात मजा येते हेही मान्य. माझ्या ओळखीच्या एक जिल्हा परिषदेच्या बाई आहेत. त्यांच्या वर्गात एक मूल फळ्याकडे तोंड करून उभं राहतं, दुसरं मागून सांगतं, सात ठिपके दे, आता खाली सहा, आता एकापर्यंत ये, पहिल्यावरून तिसऱ्यावर रेघ ओढ. सांगण्यात एक पायरी चुकली की रांगोळी वाकडी आणि सगळा वर्ग खो खो हसतो. मग कुठं चुकलं ते शोधायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं. ना कॉम्प्युटर, ना फी. यालाच कोडिंगचा पाया म्हणतात, पण रोबोटचं चित्र नसल्यामुळे पालकांना पटत नाही.

माझी मैत्रीण इंग्लंडमध्ये असते. तिकडे २०१४च्या सप्टेंबरपासून पाच वर्षांच्या मुलांपासून कम्प्युटिंग हा सक्तीचा विषय आहे. आपल्याकडे लोक एवढंच ऐकतात आणि 'बघा, पाच वर्षांची पोरं कोडिंग करतात' म्हणून फॉरवर्ड करतात. त्याच अभ्यासक्रमात, त्याच पाच-सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. इंटरनेटवर काही खटकलं, कुणी नको ते बोललं, तर मदतीला कुणाकडे जायचं हे मुलाला ओळखता आलं पाहिजे. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

माझ्या भाचीला नेमकं हेच माहीत नव्हतं, कुणाकडे जायचं. का माहीत नव्हतं? त्याच आठवड्यात मामाच्या मुलाच्या हातून फोन पडून काच तडकली होती आणि मामानं सगळ्यांसमोर त्याच्या दोन थोबाडीत दिल्या होत्या. तिनं ते पाहिलं होतं. काचेला दोन, तर दहा हजारांना किती, हा हिशेब कोणत्याही तिसरीतल्या मुलाला येतो. माझा भाऊ ही पोस्ट वाचणार आहे. वाच बाबा. तुझ्यावर राग नाही, पण वाच.

ती लगेच बोलली असती तर? आबांच्या फोनवर पुन्हा नंबर टाकून, आलेला नवा कोड टाकून दोन मिनिटांत व्हॉट्सॲप परत घेता आलं असतं, चोर आपोआप बाहेर. पैसे गेल्या गेल्या १९३०ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात, उशीर झाला की ते फुटून कुठल्या कुठे जातात. चुलतभावाचे गेलेच. शिवाय तोवर त्या माणसानं व्हॉट्सॲपला आपला पिन (कोडशिवाय वेगळा मागितला जातो तो) टाकून ठेवला होता, त्यामुळे नंबर परत घेतल्यावरही सात दिवस थांबावं लागलं. सात दिवस भजनी मंडळाला वाटत होतं आबा दवाखान्यात आहेत. दोघं तर शहाळी घेऊन आले.

बरं, सगळं शाळेवर ढकलू नका म्हणाल. मान्य. शिक्षकांवर आधीच पोषण आहार, निवडणुकीची कामं आणि रोज कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन भरा हे ओझं आहे, तेही मान्य. पण मग शाळेनं निदान उलटं तरी शिकवू नये! आमच्या भागातल्या शाळांचे फ्लेक्स बघा. मुलाचा फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, मिळालेले मार्क. तेच फेसबुक पेजवर, गणवेशासकट. आणि वर्गात रिकामी जागा भरून घ्यायची, आपण आपली वैयक्तिक माहिती कोणालाही सांगू नये! त्या 'ताई'ला शाळेचं नाव विचारायची गरजही पडली नसती, फ्लेक्स वाचला असता. पोरांचं कौतुक करू नका असं मी म्हणत नाही. नुसतं पहिलं नाव टाका, फोटो शाळेच्या भिंतीवर लावा, जगभर कशाला?

आपणही काही कमी नाही. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामला तेरा वर्षांची अट आहे. अकाउंट उघडताना पोराचं जन्मसाल खोटं कोण टाकतं? २०२३चा डेटा संरक्षण कायदा अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो. आपली संमती म्हणजे टीव्ही बघता बघता 'ओके'वर बोट. करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच फोन हातात दिला, तेव्हा इलाज नव्हता. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ते स्कॅन करायलाही फोनच लागतो. पुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२०चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं स्टेटस ठेवले होते, मीही. तेव्हा 'फोन देऊच नका' हा सल्ला मला आता कुणी देऊ नका. अगदी पिल्लांना देऊ नका, ठीक. तिसरी-चौथीतल्या पोराच्या हाती तो कुठून ना कुठून येतोच, घरचा नाही तर आजोबांचा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं मला म्हणूनच आवडलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद. पोरांबरोबर थोरांचेही. आमच्या सोसायटीत असा भोंगा वाजवायचा म्हटलं तर आधी कमिटीच ग्रुपवर भांडेल, तेही बरोबर सात वाजता.

भाचीनं मला सांगितल्यावर मी तिला एवढंच म्हटलं, पोलीस नेत नाहीत, चल आबांना सांगू, मी फोनवर आहे. आबांनी ऐकून घेतलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी दाबलं नव्हतं तर!" एवढा आनंद त्यांना उसाचं बिल जमा झाल्यावरही होत नाही. मग तिला जवळ घेऊन म्हणाले, आता तो पिन का काय असतो तो माझ्या फोनला तूच लावून दे. दोघांनी मिळून व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे तोच जादा पिन लावला. हल्ली कुणाचाही पैशाचा मेसेज आला की आबा आधी त्या माणसाला फोन करतात, आणि भाची गेममध्ये कुणी काही मागितलं की थेट आबांना. परवा म्हणे एकानं तिच्याकडे फोटो मागितला. तिनं फोन आबांच्या हातात दिला आणि आबांनी त्याला दोन मिनिटं खणखणीत व्हॉइस मेसेज पाठवला. त्यातले शब्द इथं लिहिता येणार नाहीत.

शनिवारी पालक सभा आहे. पेपरचं मी काही बोलणार नाही, बाई तरी काय करणार, पुस्तक वरून येतं. मी तीनच गोष्टी मागणार आहे. फ्लेक्स आणि फेसबुक पेजवरची पोरांची आडनावं, तुकडी काढा. सुविचाराच्या फळ्याशेजारी १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि १९३० हे नंबर मोठ्या अक्षरात रंगवा आणि ते कशाचे आहेत ते पोरांना सांगा. आणि कुठलंही मूल 'माझ्या हातून असं झालं' म्हणत आलं तर न ओरडता ऐकून घेणाऱ्या एका बाईंचं किंवा सरांचं नाव पोरांना माहीत असू द्या. एआयची फी मी भरेन, त्यावर वाद नाही.

आमच्या शाळेचे बरेच पालक या यादीत आहेत. दोघी-तिघी तरी या. एकटीनं उठून बोललं की "मॅडम, नंतर ऑफिसमध्ये भेटा" म्हणतात.