नेमणूक राजाची, जबाबदारी कोणाची?

संसदीय राजेशाहीत (म्हणजे राजा राष्ट्रप्रमुख, पण कारभार संसदेला जबाबदार सरकारकडे, अशा व्यवस्थेत) पंतप्रधान हा ‘राजाचा प्रमुख सल्लागार’ असतो, असे पंतप्रधानपदावरील ज्या लेखाला हे उत्तर आहे, त्या लेखात म्हटले आहे. हे शब्दशः खरे असले तरी त्यातून चित्र उलटे उभे राहते, कारण हा सल्ला व्यवहारात राजावर बंधनकारक असतो. २०१९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसद स्थगित केली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरवली, तेव्हा ठपका पंतप्रधानांवर आला, राणीवर नव्हे. स्वीडनने तर १९७४ च्या राज्यघटनेने पंतप्रधान नेमण्यातली राजाची भूमिकाच संपवली. तेथे संसदेचे अध्यक्ष नाव सुचवतात.

आम्हा गोमंतकीयांना याची दुसरी बाजू, म्हणजे नेमणुकीचा अधिकार खरोखरच राजाच्या हाती असला की काय होते, ही अधिक जवळची वाटावी. गोव्याचे प्रतिनिधी ज्या लिस्बनच्या संसदेत बसत, त्या पोर्तुगालमध्ये १८२६ च्या सनदेने (राज्यघटनेने) मंत्री नेमण्याचा व काढण्याचा अधिकार राजाला दिला होता. त्याच बळावर, राजा कार्लुश यांच्या पाठिंब्याने, पंतप्रधान जुआंव फ्रांकु यांनी १९०७ मध्ये संसद विसर्जित करून फर्मानांवर कारभार हाकला. फेब्रुवारी १९०८ मध्ये राजाचा खून झाला आणि १९१० मध्ये राजेशाहीच गेली. लेखकाने हे उदाहरण वगळले, याचे (गोव्यात बसून वाचताना तरी) नवल वाटते.

बहुमत अस्पष्ट असताना आधी कोणाला बोलवायचे, हा प्रश्न मात्र राजा नसलेल्या आमच्या राज्यातही २०१७ मध्ये राज्यपालांपुढे उभा राहिलाच होता.