मंगळावरचा रोव्हर जॉयस्टिकने चालत नाही हो

आमच्या खारघरच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, तोच ठाण्याच्या मावसभावानेही पाठवला म्हणजे बऱ्यापैकी पोचलाय. थोडक्यात असा: नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर अडीच अब्ज डॉलरचा, 13 वर्षांत चालला फक्त 35 किमी, म्हणजे सीएसएमटी ते ठाणे, जे आपली लोकल तासाभरात करते. एसीत बसून जॉयस्टिकने चालवतात तरी ही गत, काम काय तर दगडांचे फोटो, आणि आपल्या चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरने 14 दिवसांत याहून भारी काम केलं. खाली हसणारे इमोजी आणि 'पुढे पाठवा'.

गंमत म्हणजे क्युरिऑसिटीचे आकडे बरोबर आहेत. 2012 च्या ऑगस्टमध्ये मंगळावरच्या गेल नावाच्या विवरात उतरला, 2025 च्या ऑगस्टपर्यंत साधारण 35 किमी झाले. घोळ आहे तो बाकीचा.

आधी जॉयस्टिक. मंगळापर्यंत सिग्नल जायलाच 3 ते 22 मिनिटं लागतात, ग्रह किती लांब आहे त्यावर. समजा दहा धरा. समोरचा खड्डा दिसायला दहा मिनिटं, आपला ब्रेक तिथे पोचायला अजून दहा, आणि रोव्हरचा टॉप स्पीड सेकंदाला 4 सेंमी असला तरी तोवर तो 48 मीटर पुढे गेलेला असणार, खड्ड्यासकट. म्हणून लाइव्ह चालवणं हा प्रकारच नाही. आदल्या संध्याकाळचे फोटो मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांमार्फत खाली येतात, शास्त्रज्ञ कुठल्या दगडाकडे जायचं यावर भांडतात, जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेतले ड्रायव्हर त्या फोटोंवरून जमिनीचा थ्रीडी नकाशा बघून कमांडची यादी लिहितात, ती कॉम्प्युटरवर चालवून बघतात, मग मंगळावर सकाळ झाली की पाठवतात. पुढचा दिवस रोव्हर एकटा. शुक्रवारी तर तीन दिवसांचा प्लॅन एकदम पाठवून देतात. त्यात मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे 40 मिनिटं मोठा, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने जेपीएलची टीम रोज 40 मिनिटं उशिरा ऑफिसला यायची, म्हणजे काही आठवड्यांत दिवसाची रात्र. एसी असेल, आराम कसला?

आता स्पीड. लोकलला रूळ आहेत, तिथे कोणी टाकलेत? वाळूत चाक फिरतं पण गाडी जागेवरच, हे चाकाला कळत नाही, म्हणून अवघड जागी रोव्हर थोडं चालतो, फोटो काढतो, आधीच्या फोटोशी ताडून खरंच किती सरकलो ते बघतो, मग पुढे. स्पिरिट नावाचा रोव्हर 2009 मध्ये मऊ मातीत रुतला तो कायमचा, तिकडे टोइंग व्हॅन नाही. क्युरिऑसिटीच्या चाकांचा पत्रा ॲल्युमिनियमचा, जाडी 0.75 मिमी, टोकदार दगडांनी 2013 मध्येच भोकं पडायला लागली, तेव्हापासून रस्ता निवडूनच जावं लागतं. आणि वीज? अणुबॅटरीतून सुरुवातीला 110 वॅटच्या आसपास, आता त्याहून कमी. चालून, ड्रिल करून झालं की झोपून चार्ज व्हायचं.

'फक्त फोटो' वाल्याला मात्र मला नीट उत्तर द्यायचंय, कारण रोव्हर थांबतो तेव्हाच खरं काम चालू होतं. रोव्हरचा यांत्रिक हात दगडाला लावण्याआधी सहाही चाकं पक्की टेकलीयत का ते तपासतात. एक चाक जरी डुगडुगत्या दगडावर चढलेलं असलं तरी हात बाहेर काढत नाहीत, कारण रोव्हर सरकला तर हातच मोडायचा, आणि मग त्या दिवशी कॅमेरा आणि लेझरवर भागवायचं. हा लेझर 7 मीटरवरच्या दगडाचा कण जाळून त्याच्या उजेडावरून आत काय आहे ते सांगतो. ड्रिल करून भुकटी काढली की ती पोटातल्या लॅबमध्ये जाते, भट्टीत तापते, निघालेला वायू तपासला जातो. डिसेंबर 2016 मध्ये ड्रिल पुढेमागे सरकवणारी यंत्रणा बिघडली, तर इथे बसून नवी पद्धत शोधली, म्हणजे रोव्हरच्या पूर्ण हातानेच ड्रिल दगडावर दाबायचं, आणि 2018 मध्ये पुन्हा भोक पाडलं!

मे 2024 चा किस्सा तर भारी आहे. जवळपास 900 किलोचा रोव्हर चालता चालता एका दगडावरून गेला, दगड फुटला, आत पिवळे स्फटिक. शुद्ध गंधक! सल्फेट म्हणजे गंधकाची संयुगं आधी सापडली होती, शुद्ध गंधक मंगळावर पहिल्यांदाच. तासाला 80 ने गेला असता तर मागे वळून कोणी बघितलं असतं?

राहिला प्रज्ञान. अभिमान मलाही आहे, पण तुलना चुकीच्या अंगाने चाललीय. प्रज्ञान 26 किलोचा, स्पीड सेकंदाला 1 सेंमी, एकूण चालला 100 मीटरच्या थोडं वर, म्हणजे मेसेजवाल्याच्याच हिशोबाने तो नापास. तसं अजिबात नाही, त्यानेही लेझर मारून चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गंधक शोधलं. चंद्रावर सिग्नल सव्वा सेकंदात पोचतो, तरी जॉयस्टिक तिथेही नव्हती: 27 ऑगस्ट 2023 ला 3 मीटर पुढे 4 मीटर रुंद विवर आलं, इस्रोने कमांड पाठवून त्याला मागे घेतलं आणि मग दुसऱ्या वाटेने नेलं.