मूळ प्रिन्स संपवलाय? मग आता त्याचे मॉड खेळा

प्रिन्स ऑफ पर्शिया हा जुना गेम ज्यांनी डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणकांवर खेळलाय, त्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्याचे चाहत्यांनी बनवलेले मॉड खेळा. आणि निवडताना एक करा. नवी चित्रं, नवे राक्षस, नवी शस्त्रं घातलेले मॉड सध्या बाजूला ठेवा. ज्यात मूळ खेळातली एकही वस्तू बदललेली नाही, बदललीय ती फक्त मांडणी, असे आधी घ्या. माझ्या मते खरी कमाल तिथे आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मॉड म्हणजे जुन्या खेळाच्या फायलींत बदल करून चाहत्यांनी तयार केलेला नवा खेळ. प्रिन्सचे असे मॉड शंभराच्या पुढे आहेत. १९९४ मध्येच एक फिरत होता, फोरडी प्रिन्स ऑफ पर्शिया नावाचा. म्हणजे हा उद्योग इंटरनेट आपल्या घरात यायच्याही आधीचा आहे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या बहुतेकांचा हा पहिलावहिला गेम. फ्लॉपीवरून यायचा, एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा, आणि कुणीतरी कानात 'प्रिन्स मेगाहिट' सांगायचं. तो शब्द टाकून गेम चालू केला की शिफ्ट-एल दाबून लेव्हलमागून लेव्हल ओलांडता यायची. काळ्यापांढऱ्या मॉनिटरवर जीव भरून देणारी लाल बाटली कुठली आणि विषारी निळी कुठली हे कळायचंच नाही, पिऊनच बघायची. त्यामुळे आपल्यातल्या कित्येकांनी शेवटचा खलनायक जाफर पाहिलाय, पण बारा लेव्हल साठ मिनिटांत सरळ मार्गानं पार केल्या आहेत असे फार थोडे. मॉडकडे वळण्याआधी तेवढं मात्र कराच. मॉड बनवणारा माणूस गृहीत धरतो की हा खेळ तुमच्या बोटांत उतरलेला आहे.

आता हे प्रकरण आतून कसं आहे ते बघा, म्हणजे माझं म्हणणं पटेल. एका लेव्हलमध्ये जास्तीत जास्त २४ खोल्या. एक खोली म्हणजे एक स्क्रीन. त्यात आडव्या १० आणि उभ्या ३, अशा ३० चौकटी. चौकटीत काय ठेवायचं? फरशी, डळमळीत फरशी, भिंत, खांब, खिळे, उघडमीट करणारा पोलादी जबडा, जाळीचं दार, दार उघडणारी कळ, दार पाडणारी कळ, बाटली. एका खोलीत एकच गार्ड. संपली यादी, जवळजवळ. अख्खी लेव्हल सुमारे २३०० बाइटमध्ये मावते. ही पोस्ट त्याहून कितीतरी मोठी आहे.

एवढ्या तुटपुंज्या सामानात लोकांनी जे रचून ठेवलंय ते बघून मी थक्क होतो. दिवाळीच्या किल्ल्याला दगड, माती आणि तेच ठरलेले मावळे असतात, तरी प्रत्येक अंगणातला किल्ला निराळा दिसतो, तसं आहे हे.

सध्या खेळतोय त्या मॉडमधला एक प्रसंग सांगतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण मग तुमचं कोडं मीच फोडल्यासारखं होईल. एक कळ आहे, तिच्यावर पाय दिला की लांबचं जाळीचं दार वर जातं. पण कळ आणि दार यांत इतकं अंतर आहे की कितीही जीव तोडून धावा, दार तुमच्या नाकासमोर खाली येतं. डळमळीत फरशी कुठे नाही. डळमळीत फरशी कळेवर पाडली तर तिच्या ढिगाऱ्यानं कळ कायमची दबलेली राहते, हे मूळ खेळात आपण शिकलेलो असतो, म्हणून मी वर बघत बसलो. वर काहीच नाही. मग लक्षात आलं, या खोलीत गार्ड आहे आणि तो उगाच ठेवलेला नाही. त्याला मागे सरकत सरकत कळेपर्यंत आणायचं, आणि नेमका तिथे, कळेवरच, मारायचा. प्रेत पडलं की कळ दबलेली, दार उघडं. हा नियम मूळ खेळात पहिल्यापासून होता. मूळ खेळ पुरा करताना मला तो कधी लागला नव्हता. कुणीतरी तो शोधला, ओळखला आणि त्याच्याभोवती एक अख्खी खोली उभी केली.

मॉडमध्ये हे पुन्हा पुन्हा घडतं. एका मजल्यावरून पडलं तर काही होत नाही, दोन मजल्यांवरून पडलं तर एक लाइफ जातं, तीन मजल्यांवरून पडलं तर संपलं. हे आपल्याला पाठ असतं. मॉडवाला तुम्हाला अशा कड्यावर आणतो की दोन मजले खाली उडी मारून एक लाइफ खर्च करणं हाच एकमेव मार्ग असतो, आणि खाली बाटली असेल की नाही हे ठाऊक नसतं. मूळ खेळात ती चूक होती, इथे तो सौदा होतो. तीच उडी, तोच आवाज, पण डोकं वेगळं चालवावं लागतं.

आणखी एक प्रकार मला फार आवडतो. प्रत्येक खोलीच्या डाव्या, उजव्या, वरच्या आणि खालच्या बाजूला कुठली खोली आहे, हे ती खोली आपल्यापुरतं लिहून ठेवते. दोन खोल्यांचं एकमेकींशी जुळतं की नाही हे खेळ तपासतच नाही. त्यामुळे तुम्ही उजवीकडून बाहेर पडलात आणि लगेच परत आलात, तर भलत्याच खोलीत असू शकता. कागदावर असा नकाशा काढताच येत नाही. ज्यांना ते भूलभुलैये सोडवायचे असतात ते खोल्यांना नंबर देऊन बाणांची जाळी काढतात. मीही तसंच करतो, आणि त्या वहीतल्या पानांचा मला अभिमान आहे.

मूळ खेळातले खास प्रसंग आठवतात? तिसऱ्या लेव्हलला जिवंत होणारा सांगाडा, चौथ्या लेव्हलचा आरसा, आठव्या लेव्हलला दार उघडून देणारा राजकन्येचा उंदीर, बाराव्या लेव्हलला आपलीच सावली. हे प्रसंग लेव्हलच्या फायलीत नाहीत, ते मुख्य प्रोग्रॅममध्येच त्या त्या लेव्हलच्या नंबराला बांधलेले आहेत. म्हणजे फक्त लेव्हल एडिटर (लेव्हलची मांडणी बदलायचा प्रोग्रॅम) हाती असलेल्या माणसाला उंदीर हवा असेल तर तो आठव्याच लेव्हलला मिळणार, आणि सावलीसाठीही ठरलेल्या लेव्हलपर्यंत थांबावं लागणार. जुन्या मॉडवाल्यांनी हे निमूट स्वीकारलं आणि आपली गोष्ट त्या खुंट्यांवर टांगली. आरशाची खोली कुठे येणार हे ठरलेलंच, मग तिच्या आजूबाजूला काय ठेवायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. ती चौथी लेव्हल वेगवेगळ्या मॉडमध्ये कशी केलीय हे ओळीनं खेळून बघा. मी तर नवा मॉड हाती आला की आधी तिचीच वाट बघतो.

ही सामानाची टंचाई मूळ लेखकाच्याही वाट्याला आली होती. जॉर्डन मेकनरनं हा खेळ अ‍ॅपल टू या संगणकावर लिहिला, तो १९८९ मध्ये ब्रोडरबंड कंपनीनं काढला. धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून त्यानं चित्रण केलं आणि फ्रेममागून फ्रेम त्यावरून राजपुत्र काढला, म्हणून ती चाल आजही माणसाची वाटते. संगीत वडिलांनी दिलं. पण त्या सगळ्या हालचालींनी मेमरी खाल्ली, दुसरं पात्र काढायला जागाच उरली नाही. मग राजपुत्राचंच चित्र उलटंपालटं करून त्याची सावली तयार केली. खेळातलं सगळ्यांत लक्षात राहणारं पात्र असं आलं. बाराव्या लेव्हलला तिच्याशी लढत राहिलात तर तिला घातलेला प्रत्येक घाव तुम्हालाही लागतो, तलवार म्यान करून तिच्यात मिसळावं लागतं. जागा पुरली असती तर कदाचित तिथे एखादा साधा राक्षस उभा राहिला असता. म्हणूनच मला मूळ सामानात काम करणारे मॉडवाले मेकनरचे खरे वारसदार वाटतात.

मूळ सोर्स कोड, म्हणजे मेकनरनं लिहिलेला प्रोग्रॅम, वर्षानुवर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या. जाणकारांच्या मदतीनं त्यांतला मजकूर काढला गेला आणि त्याच एप्रिलमध्ये मेकनरनं तो सगळा कोड लोकांसाठी खुला केला. अभ्यासा, बदला, माझी हरकत नाही, पण प्रिन्स ऑफ पर्शियाचे गेम काढण्याचा हक्क युबिसॉफ्ट या कंपनीचा आहे, अशी त्याची भूमिका होती. मला ती मोठ्या मनाची आणि प्रामाणिक वाटते. दुसरीकडे चाहत्यांनी डॉसच्या आवृत्तीचं ओळीन् ओळ विच्छेदन करून एसडीएलपॉप नावाचा मुक्त प्रोग्रॅम उभा केला. आज बहुतेक मॉड त्यावर खेळले जातात. उंदीर किंवा सांगाडा कुठल्या लेव्हलला आणायचा, वेळ किती द्यायचा, सुरुवातीला लाइफ किती, हे सगळं आता एका साध्या फायलीत लिहून बदलता येतं.

सगळ्यांच्या नशिबी असं येत नाही. निन्टेंडो कंपनीच्या मेट्रॉइड या गेमच्या दुसऱ्या भागावर एका चाहत्यानं वर्षानुवर्षं खपून केलेली नवी आवृत्ती, एएमटूआर, ऑगस्ट २०१६ मध्ये बाहेर आली आणि निन्टेंडोच्या कायदेशीर कारवाईमुळे लगोलग उतरवावी लागली. कंपनीला कायद्यानं तो हक्क आहे, मान्य. तरी मला ते चूक वाटतं. तीस-तीस वर्षं जुना खेळ कुणी पैसे न घेता जिवंत ठेवत असेल, नव्या मशीनवर चालता करत असेल, तर त्याच्याशी बोलायला हवं. सेगा कंपनीनं आपल्या सॉनिक या गेमच्या चाहत्यांना बोलावून घेतलं आणि त्यातून २०१७ चा सॉनिक मॅनिया हा नवा गेम झाला, म्हणजे हे करता येतं.

माझी भाची शाळेत आहे. तिला मूळ खेळ दाखवला तेव्हा तिला राजपुत्र फार जड वाटला, "मामा, हा दाबल्यावर लगेच वळत का नाही?" पण एडिटर उघडून दिला आणि ती तासभर उठली नाही. चौकटीच्या वहीत १० बाय ३ चे रकाने आखून आधी पेन्सिलनं खोली काढते, मग संगणकावर मांडते. तिनं पहिली खोली केली ती नुसत्या खिळ्यांची. मी मेलो तेव्हा खूश झाली. मग मी म्हटलं, "आता तू खेळून पार करून दाखव." तिला जमेना, तेव्हा तिनं स्वतःहून तीन खिळे काढले आणि कडेला उभं राहण्यापुरती एक फरशी ठेवली. खेळाची रचना शिकवायचे महागडे कोर्स आहेत म्हणे. सुरुवात अशी फुकटात आणि घरात होऊ शकते, आणि मुलांना प्रोग्रॅमिंगची एक ओळही यावी लागत नाही.

तिचा तो पहिला खिळ्यांचा प्रकार मोठ्या माणसांच्या मॉडमध्येही सापडतो, आणि त्याबद्दल माझी ठाम नाराजी आहे. स्क्रीन बदलताच पायाखाली जबडा. आधी दिसलाच नाही, मग सावध कसं राहणार? मेकनरच्या खेळात तुम्ही मेलात तर दहापैकी नऊ वेळा कारण डोळ्यांसमोर असायचं: फरशी हलली होती, शिफ्ट दाबून जपून पाऊल टाकायला हवं होतं. जो मॉड खेळणाऱ्याला बघायची संधीच देत नाही, तो कठीण नव्हे, उर्मट आहे. असा वाटला की बंद करा, दुसरा घ्या. शंभरांत भरपूर चांगले आहेत.

एक शेवटचं, एसडीएलपॉपमध्ये एफ-सिक्स दाबून कुठेही सेव्ह करता येतं आणि एफ-नाइननं परत येता येतं. अडलेली खोली घोटवायला ते वापरा, मीही वापरतो. पण मॉड एकदा तरी सेव्ह न करता, घड्याळ चालू ठेवून, पहिल्या खोलीपासून खेळा. लांबचा पण सुरक्षित रस्ता घ्यायचा की जबड्यांमधून धावत चार मिनिटं वाचवायची, हा निर्णय मॉडवाल्यानं तुमच्यासाठी मांडून ठेवलेला असतो, आणि घड्याळ नसेल तर तो निर्णयच उरत नाही.